सावेदादांची मुंबई

आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. लहानपणी दोन ठिकाणांहून आमचा पाय निघत नसे: माकडांचा खेळ आणि कुस्त्यांचा फड. आपल्याकडच्या माणसाने हलत्या चित्रांत सर्वांत आधी टिपल्या त्या याच दोन गोष्टी, हे पुढे वाचनात आले आणि त्या माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली. ते म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, अर्थात सावेदादा.

जन्म १८६८चा. मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय. ७ जुलै १८९६ रोजी काळाघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवण्यात आली. तिकीट एक रुपया. बाकीच्या प्रेक्षकांनी तोंडात बोटे घातली. दादांनी खिशात हात घातला. २१ गिनी मोजून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला.

मुंबई पडली बंदराचे शहर. वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा बोटीने आलेला, दादांचा कॅमेराही बोटीनेच आला, आणि टिपलेली फिल्म धुवायला पुन्हा बोटीनेच विलायतेला गेली! १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. मग माकडांना खेळ शिकवणारा एक माणूस. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून १४ वर्षे अवकाश होता.

डिसेंबर १९०१मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन मायदेशी परतले. कोकणातल्या मुर्डीच्या या मुलाचे मुंबईत झालेले स्वागत सावेदादांनी टिपले. आपल्याकडचा पहिला वार्तापट तो हाच, असे मानतात. १९०३चा दिल्ली दरबारही त्यांनी चित्रित केला. पुढे कॅमेरा विकून टाकला आणि बोरीबंदरसमोरच्या गेईटी थिएटरचा कारभार पाहिला. हेच थिएटर नंतर कॅपिटॉल झाले. १९५८ साली दादा गेले.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला आधी शिल्लक बघायची खोड आहे. सावेदादांच्या खात्यावर आज एकही चित्रफीत शिल्लक नाही. शिल्लक आहेत ती नावे. दरबारातल्या बड्या लोकांची नोंद इतिहास ठेवतोच. पण ते दोन पैलवान सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, ते केवळ दादांमुळे. माकडवाल्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

आज रविवार आहे. घरातला जुना अल्बम काढा आणि फोटोंच्या मागे नावे लिहिली आहेत का, जरा पाहा. नसतील तर लिहून घ्या. सांगणारी माणसे घरात आहेत तोवर.