लिओ फेंडर : ध्वनिवर्धकाचा कारागीर

थोर पुरुषांची म्हणून जी चरित्रे आपण वाचतो, ती बहुधा राजे, सेनापती, कवी अथवा समाजसुधारक यांची असतात. कारागिराचे चरित्र क्वचितच वाचावयास मिळते. कारण त्याचे नाव त्याने घडविलेल्या वस्तूमागे झाकून जाते. आमच्या गोरेगावी लग्नकार्य, जयंती किंवा भजनसप्ताह असला म्हणजे मंडपाच्या कोपऱ्यात ध्वनिवर्धकाची पेटी येऊन बसते आणि शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्यासही गाणाराचा शब्द स्पष्ट ऐकू येतो. ती पेटी कोणी व किती खटपटीने सिद्ध केली असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. म्हणून यंदा आम्ही आमच्या वाचकांपुढे अशाच एका पेटीच्या कारागिराचे चरित्र ठेवीत आहो. त्याचे नाव लिओ फेंडर. विजेच्या गिटारीसाठी निर्वात नळ्यांचा, म्हणजे ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो त्यांचा, जो ध्वनिवर्धक त्याने बांधला, त्याचा कित्ता जगभरच्या कारागिरांनी गिरविला. विशेष हे की, या गृहस्थास स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, अॅनाहाइम व फुलर्टन या गावांच्या टापूत झाला. त्याचे पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. आपल्याकडे जशी कापसाची व हळदीची शेते, तशा त्या भागात संत्र्यांच्या बागा होत्या आणि त्याच्या आईबापांचा निर्वाह अशाच एका बागेवर चाले. मुलगा आठ वर्षांचा असता त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला व त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. एवढ्या लहान वयात असे व्यंग आले म्हणजे कित्येक मुले खचून जातात व कित्येकांना आईबापच घरात कोंडून ठेवतात. लिओच्या बाबतीत तसे झाले नाही. त्याचे हात चालत होते आणि उरलेला डोळा शाबूत होता.

तो तेरा वर्षांचा असता, म्हणजे १९२२ साली, त्याच्या मामाने त्याला एक पेटी भरून रेडिओचे जुने भाग पाठविले. पुढच्या वर्षी तो मामाच्या दुकानी गेला तेव्हा मामाने स्वतः बांधलेला एक रेडिओ तेथे मोठ्या आवाजात वाजत होता. तो आवाज त्या मुलाच्या मनात कायमचा घर करून राहिला. घरी परतल्यावर तो शाळासोबत्यांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करू लागला. तथापि शिक्षण मात्र त्याने वेगळेच घेतले. १९२८ साली हायस्कूलची परीक्षा उतरल्यावर तो फुलर्टन येथील कॉलेजात हिशेबनिसी शिकला. विद्युत्शास्त्राचा रीतसर अभ्यासक्रम त्याने कधीच केला नाही; त्या विषयात तो जे शिकला ते पुस्तके वाचून व यंत्रे उघडून शिकला. संगीतात प्रथम पियानो व पुढे सॅक्सोफोन, एवढीच त्याची मजल गेली.

हिशेबनीस म्हणून त्याने बर्फाच्या कारखान्यात व सरकारी रस्तेखात्यात काम केले. १९३४ साली एस्थर नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. परंतु तो काळ जागतिक मंदीचा होता. रस्तेखात्यातील त्याची जागा कमी करण्यात आली. मग टायर विकणाऱ्या एका कंपनीत जागा मिळाली, तीही सहा महिन्यांत गेली. घरी बायको, हाती विद्या आणि खिशात पैसा नाही, अशी अवस्था झाली. अशा वेळी दुसरी नोकरी शोधीत हिंडण्याऐवजी त्याने १९३८ साली सहाशे डॉलर कर्ज काढले व फुलर्टन येथे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान घातले. बेकार माणसाने कर्ज काढून दुकान घालणे हे त्या दिवसांत काही लहानसे धाडस नव्हते. पुढील सर्व वैभवाचे मूळ मात्र त्याच दुकानात आहे.

त्या दुकानी रेडिओंबरोबर वादकांचे बिघडलेले ध्वनिवर्धकही येत. गिटारीचा नाद मूळचा नाजूक. नाचगाण्याच्या मोठ्या ताफ्यात कर्णे व नगारे वाजू लागले म्हणजे ती कोणाच्या कानी पडेना. यावर उपाय म्हणून १९३० च्या सुमारास गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविण्याची युक्ती निघाली. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात विजेची अतिशय सूक्ष्म लहर उत्पन्न होते. ती लहर मोठी करण्याचे काम व्हॉल्व्हचे.

व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून टाकलेली काचेची नळी. तीत एक भाग तापवितात. त्यातून विद्युत्कण निघून समोरच्या धातूच्या पट्टीकडे धावतात. १९०४ साली फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने ही दोन अंगांची नळी केली व १९०६ साली अमेरिकेच्या डी फॉरेस्ट याने त्या दोन अंगांच्या मध्ये तारेची एक जाळी घातली. पाटाच्या तोंडाशी असलेले लहानसे दार एका हाताने वरखाली केले की पाण्याचा सारा लोंढा कमीजास्त होतो. या जाळीचे कार्य तसेच आहे. गिटारीची सूक्ष्म लहर जाळीवर आली की पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह तिच्याप्रमाणे हेलावतो. अशा दोनतीन पायऱ्या चढून ती लहर अखेर कर्ण्याचा कागदी पडदा हालवू लागते.

दुरुस्तीस आलेल्या यंत्रांनी फेंडर यास पुष्कळ शिकविले. कोणता सांधा प्रवासात निखळतो, कोणता भाग तापून जळतो, कोणती पेटी मोटारीतून आपटत नेली की फुटते, हे त्याला रोज दिसत होते. युद्धाच्या दिवसांत डॉक कॉफमन या कल्पक वादकाशी त्याची भागी जमली. दोघांनी १९४५ साली मांडीवर ठेवून वाजविण्याच्या गिटारी व त्यांच्याजोगे लहान ध्वनिवर्धक बांधण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षी कॉफमन भागीतून निघाले आणि फेंडर याने स्वतःच्या नावाने कारखाना चालविला. १९४६ साली त्याने चकाकत्या लाकडी पेट्यांचे ध्वनिवर्धक काढले. नंतर लाकडावर आच्छादन म्हणून, प्रवासी पेट्यांना असते तसले, जाड व चिवट कापड चिकटविले. लाकूड ओरबाडते व कापड टिकते, एवढाच त्यातील विचार.

त्याची बांधणीची रीत विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. एका जाड पुठ्ठ्यासारख्या पट्टीवर पितळी छिद्रे ठोकून सर्व लहान भाग त्यांत ओळीने डाखलेले असत. मागची फळी काढली की व्हॉल्व्ह हाती लागत आणि कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह बसवावयाचा, याचा तक्ता पेटीच्या आतच चिकटविलेला असे. खेड्यातील साध्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यासही ते यंत्र उघडून नीट करता यावे, अशी ती योजना होती. स्वतः दुरुस्तीवाला असल्यामुळे दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचे कष्ट तो विसरला नाही.

दुसरी रीत ऐकण्याची. स्वतःला वाजविता येत नसल्यामुळे तो नवे यंत्र वादकांच्या हाती देई, नाचघरात जाऊन ते वाजताना ऐके, तक्रार आली की परत कारखान्यात येऊन फेरफार करी. १९५० च्या सुमारास त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. ती टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध आहे. १९५१ साली त्याची विजेची खर्जाची गिटार निघाली, तिच्यासाठी पुढच्या वर्षी बेसमन नावाचा ध्वनिवर्धक निघाला आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आली. पुढे डिक डेल नावाचा एक तरुण वादक इतक्या जोराने वाजवू लागला की, एकामागून एक ध्वनिवर्धक व कर्णे जळून जात. फेंडर रागावला नाही. तो नाचघरात गेला व हजारोंच्या गर्दीत उभा राहून त्याने तो गोंगाट ऐकला. मग १९६० च्या सुमारास अधिक बळकट ध्वनिवर्धक व पंधरा इंची कर्णा यांची जोडणी त्या वादकासाठी सिद्ध झाली.

आता एक गमतीची गोष्ट सांगावयाची. फेंडर यास स्वच्छ, निर्मळ नाद हवा होता. आवाज फाटला की तो त्यास दोष मानी. परंतु व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला म्हणजे लहरींचे माथे दबतात व नादास एक जाडसर, भरडा, गाणाऱ्या गळ्यासारखा गुण येतो. वादकांना तोच आवडला. ते ध्वनिवर्धकाचा आवाज मुद्दाम शेवटपर्यंत चढवू लागले, कोणी निराळ्या जातीचे व्हॉल्व्ह बसवू लागले, कोणी कर्णे बदलू लागले. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातील मंडळींनी बेसमनची रचना पुढे ठेवून, आपल्या देशात मिळणारे भाग घालून १९६२ साली स्वतःचा ध्वनिवर्धक बांधला आणि त्यातून एक नवाच नाद जन्मास आला. त्याच नादावर पुढील पिढीचे रॉक-संगीत उभे राहिले. यंत्र उघडता येण्याजोगे होते, म्हणूनच हे घडले. बंद डबा करून विकला असता तर फेंडर याची कृती त्याच्या स्वतःच्या आवडीपुरतीच राहिली असती.

ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्हचा काळ संपला असे पुष्कळांस वाटले; तथापि गिटारवादक आजही ते मोलाने घेतात. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असे यंत्र आले तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. अमेरिकेतील जुने यंत्र तेथील सुमारे ११७ व्होल्टच्या विजेसाठी बांधलेले असते. आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर दाब उतरविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवाचून ते लावले तर जळून जाईल. तसेच कर्णा जोडल्यावाचून ते चालवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, वीज बंद करून प्लग काढला तरी आतील साठवणीच्या भागांत, म्हणजे कपॅसिटरमध्ये, कित्येकशे व्होल्टची वीज साचून राहते. तिचा धक्का प्राणघातक असू शकतो. म्हणून जाणत्या माणसावाचून पेटीच्या आत हात घालू नये. उघडून पाहण्याची हौस चांगली, पण ती जाणत्या गुरूच्या शेजारी बसून पुरवावी.

१९५० नंतरच्या दशकात फेंडर यास एका चिवट रोगाने घेरले. आपण फार दिवस जगत नाही असे त्याच्या मनाने घेतले आणि आपल्यामागे शेकडो कामगारांचे काय होईल या काळजीने त्याने कारखाना विकावयास काढला. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या बड्या कंपनीने तो एक कोटी तीस लाख डॉलरला घेतला. सहाशे डॉलरच्या कर्जाचे हे फळ. परंतु त्यानंतर वैद्य बदलला व तो बरा झाला! पैसा हाती होता, आयुष्य पुढे होते, मात्र स्वतःच्या नावाचा कारखाना परक्याचा झाला होता. नव्या धन्यांनी ट्रान्झिस्टरचे ध्वनिवर्धक काढले, ते वादकांना रुचले नाहीत आणि थोड्याच वर्षांत बंद करावे लागले.

अशा वेळी दुसरा कोणी स्वस्थ बसला असता अथवा खेद करीत राहिला असता. फेंडर पुन्हा कामास लागला. १९७५ साली तो म्यूझिक मॅन या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि पुढे जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर त्याने जी अँड एल ही नवी कंपनी काढली. १९७९ साली एस्थर वारली. पुढील वर्षी त्याने फिलिस या बाईशी लग्न केले. उतारवयात कंपवाताने हात थरथरू लागले, तरी तो कारखान्यात येतच राहिला. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

विद्यार्थ्यांनो, लिओ फेंडर याला एक डोळा नव्हता, विद्युत्शास्त्राची पदवी नव्हती आणि ज्या वाद्यासाठी त्याने जन्म घालविला ते त्याला वाजविता येत नव्हते. या तीन उणिवा त्याने कशाने भरून काढल्या? ज्याला येते त्याचे लक्षपूर्वक ऐकून आणि ऐकल्याप्रमाणे आपले काम पुन्हा पुन्हा सुधारून. पालकांसही आमचे एक सांगणे आहे. मुलाने जुना रेडिओ उघडून त्याचे भाग अंगणात मांडले तर त्याच्यावर एकदम रागावू नये. वीज तोडली आहे की नाही एवढे पाहावे आणि शेजारी बसावे. त्या मामाने पाठविलेली पेटी मोडक्या भागांचीच होती.