मारिया टेल्केस

मारिया टेल्केस (१२ डिसेंबर १९०० – २ डिसेंबर १९९५) या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिक-रसायनशास्त्रज्ञ व संशोधक होत्या. उन्हाची उष्णता साठवून तिच्यावर राहते घर ऊबदार ठेवण्याच्या प्रयोगासाठी त्या विशेष ओळखल्या जातात. सूर्यराणी या टोपणनावानेही त्यांचा उल्लेख केला जातो.

पूर्वायुष्य

टेल्केस यांचा जन्म बुडापेस्ट येथे झाला. तेथील विद्यापीठातून १९२४ साली त्यांनी भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि पुढील वर्षी त्या अमेरिकेत गेल्या. क्लीव्हलँड क्लिनिक येथे जीवभौतिकीचे संशोधन केल्यावर १९३७ मध्ये त्या वेस्टिंगहाऊस कंपनीत रुजू झाल्या. त्याच वर्षी त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. १९३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या (एमआयटी) सौरऊर्जा प्रकल्पात त्या दाखल झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी जीवरक्षक नौकांवरील खलाशांसाठी समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी मिळविणारे, फुगविता येणारे सौर ऊर्ध्वपातन यंत्र तयार केले.

डोव्हर येथील सूर्यगृह

सूर्याने घर तापविताना खरी अडचण रात्रीची व ढगाळ दिवसांची असते. यासाठी पाणी किंवा दगड तापवून ठेवण्याऐवजी टेल्केस यांनी ग्लॉबरचे लवण (स्फटिकी सोडियम सल्फेट) निवडले. हे स्वस्त लवण सुमारे ३२° सेल्सियसला वितळताना बरीच उष्णता शोषून घेते व पुन्हा घट्ट होताना ती परत देते. या अप्रकट उष्म्यामुळे थोड्या जागेत मोठा साठा करता येईल, असा त्यांचा हिशेब होता. एमआयटीतील वरिष्ठांना मात्र हे लवण भरवशाचे वाटत नव्हते. तेव्हा शिल्पकार अमेलिया पीबडी यांनी पैसा व जागा दिली, वास्तुविशारद एलिनॉर रेमंड यांनी आराखडा केला आणि १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे पाच खोल्यांचे घर उभे राहिले.

घराच्या दक्षिण बाजूस, वरच्या मजल्यावर काचांची सलग रांग होती आणि काचांमागे काळे रंगविलेले पत्रे होते. त्यांच्यामुळे तापलेली हवा पंख्यांच्या साहाय्याने खोल्यांच्या मधल्या कप्प्यांत नेली जाई. तेथे डब्यांत भरलेले एकूण सुमारे २१ टन लवण दिवसा वितळे आणि गोठताना खोल्यांना ऊब देई. पंखे विजेवर चालत असल्याने आजच्या काटेकोर व्याख्येत हे घर पूर्णतः निष्क्रिय सौरगृह ठरत नाही.

टेल्केस यांच्या नात्यातील एक जोडपे आपल्या लहान मुलासह त्याच हिवाळ्यात तेथे राहावयास आले. घरात भट्टी नव्हती. कोळसा टाकणे नाही, राख काढणे नाही. घर पाहण्यासाठी लोकांची रीघ लागे. पहिल्या दोन हिवाळ्यांत या कुटुंबाचा निभाव चांगला लागला, ही गोष्ट सूर्यगृहाच्या अपयशाची चर्चा करताना बहुधा विसरली जाते. पुढे मात्र बिघाड वाढला. वितळलेल्या लवणाचा जड भाग तळाशी बसू लागला व तो पुन्हा पूर्ववत स्फटिकरूप धारण करीना, त्यामुळे साठवणशक्ती घटत गेली. डबेही गंजून गळू लागले. तिसऱ्या हिवाळ्यात घर पुरेसे तापेना. अखेर सौरयंत्रणा बंद करून नेहमीची तापनव्यवस्था बसवावी लागली.

उत्तरायुष्य

टेल्केस यांनी १९५३ मध्ये एमआयटी सोडली. न्यूयॉर्क विद्यापीठात असताना फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने त्यांनी विकसनशील देशांतील कुटुंबांना परवडेल अशी सौरचूल तयार केली. ग्लॉबरच्या लवणाचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. टाकणखाराचे कण मिसळल्यास स्फटिकीभवन वेळेवर सुरू होते आणि मिश्रण दाट केल्यास थर वेगळे होत नाहीत, हे उपाय त्यांनी विकसित केले. डोव्हरमधील मूळ दोषावरचे हे उत्तर त्या कुटुंबाच्या उपयोगी पडले नाही. डेलावेअर विद्यापीठातील १९७० च्या दशकातील संशोधनात ते कामी आले.

१९५२ साली महिला अभियंत्यांच्या अमेरिकन संघटनेचा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या मानकरी होत्या. पंचाण्णवाव्या वाढदिवसाच्या दहा दिवस आधी बुडापेस्ट येथे त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात त्यांचा समावेश करण्यात आला.