कला शाखेला अपरिचित कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या इतिहास विभागात कोणाला नवे नाही. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने प्राचीन भारताकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हे आपण पहिल्या वर्षापासून ऐकत आलो आहोत. परंतु आमच्या संत तुकाराम नगरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी पुष्कळ. त्यांतील एका मित्राच्या पुस्तकात हेच नाव मला एका प्रमेयाला जोडलेले आढळले आणि मी या दुसऱ्या कोसंबींच्या मागे लागलो.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांच्यासमवेत दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे असतानाच, १९४३ साली, त्यांनी एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

त्याचा गाभा आपल्यासारख्यांनाही उमजेल. देहूहून पालखी निघाली की लाखो पावलांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. परंतु साऱ्या दिंड्यांची चाल चार-दोन लयींत सांगता येते. कोसंबींनी दाखविले की वरवर कसाही वेडावाकडा बदलणारा व्यवहार परस्परांशी संबंध नसलेल्या मूळ आकारांच्या बेरजेत मांडता येतो. हे आकार वजनानुसार लावून पहिले थोडे ठेवले तरी बरेचसे चित्र हाती येते. पुढे कार्हुनेन व लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडले आणि जगात प्रमेय बहुधा त्या दोघांच्याच नावाने रूढ झाले.

१९४६ च्या सुमारास कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने, म्हणजे आपल्या पिंपरीवरूनच, त्यांची ये-जा चाले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी परदेशी गेले. त्या काळी भारतात असे एकही यंत्र नव्हते. पुढे रीमानच्या गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि १९६२ मध्ये संस्थेशी असलेला संबंध संपला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी लम्ली या शास्त्रज्ञाने खळबळत्या प्रवाहांच्या अभ्यासाला ही रीत लावली. आज धावत्या मोटारीवरून हवा कशी वाहते हे संगणकावर अजमावताना, ज्याला अभियंते सिम्युलेशन म्हणतात, लाखो आकड्यांचे ओझे हलके करण्यास तीच कामी येते.

आता याच कामासाठी क्वांटम संगणकाचे प्रयोग चालू आहेत. केवळ ५० क्यूबिटांची अवस्था पूर्णपणे लिहायची तर सुमारे ११ कोटी कोटी आकडे लागतात. म्हणून त्या यंत्राचे सामर्थ्य अफाट मानले जाते. परंतु आजची यंत्रे लहान आणि चुका करणारी आहेत. त्यांच्यापुढे ठेवायचा प्रश्न आधी आटोपशीर करावा लागतो. साध्या संगणकावर क्वांटम अवस्था हाताळतानाही वजनदार घटक राखून हलके गाळण्याची रीत आहे. ती याच विचाराची सख्खी बहीण होय. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले असून पुण्याच्या आयसरमध्येही या तंत्रज्ञानाचे केंद्र आहे.

मित्रहो, हेच कोसंबी प्राचीन चांदीची आहत नाणी हजारोंनी तोलीत बसत. नाणे हातोहाती फिरले की झिजते. त्या झिजेचे गणित मांडून त्यांनी नाण्यांचा क्रम लावला. त्यांच्या इतिहास-संशोधनात गणितालाही असे स्थान होते. कला शाखेत आलो म्हणून आकड्यांशी फारकत घेण्याचा आपला रिवाज निदान त्यांचा ग्रंथ वाचताना तरी आपण बाजूस ठेवावा.