बार्तिमी सदनाची माउली

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा सांगितले जाते; परंतु संस्कृतचे पांडित्य, शारदा सदन आणि बायबलचे भाषांतर यांपुढे ते बहुधा जात नाही. केडगावच्या आवारातील अंध भगिनींकडे वाचकांनी थोडे वळावे, म्हणून हे टिपण.

निराश्रितपण रमाबाईंना कोणाकडून ऐकावे लागले नव्हते. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीचे आईवडील व बहीण १८७० नंतरच्या दुष्काळात वारले. पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह ती अन्नान्न दशेत पायी देशभर हिंडली. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकीचा बेत मात्र कानांना कमी ऐकू येत असल्यामुळे सोडावा लागला. शरीराच्या उणिवेपायी दार बंद होणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः सोसले होते. ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते, याचे नवल वाटते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्याला मजुरी मिळे. ज्यांच्या अंगी बळ नाही, त्यांची गती गरीबखान्यात. तेथील स्त्रियांचे हाल पाहून रमाबाईंनी शेकडो जणींना आपल्याबरोबर आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने केडगावची शेतजमीन कामी आली आणि मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या लोकांत सर्वांना एकाच मापाने मोजणे सोपे होते. रमाबाईंनी तसे केले नाही. वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीतिसदन झाले, अंधांसाठी बार्तिमी सदन. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या आंधळ्याचे हे नाव! पण या सदनात भिकेला जागा नव्हती. कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी उठावाच्या ठिपक्यांवरून बोटांनी वाचावयास या मुलींना शिकविले. ज्यांना गावाने ओझे मानले असते, त्या शास्त्रपाठ वाचू लागल्या, टोपल्या विणू लागल्या. निवारा, विद्या आणि हाताला काम, ही तिन्ही एकाच आवारात मिळत होती.

मनोरमाबाई १९२१ साली निवर्तल्या. आईने हे दुःख पचवीत बायबलचे भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला.