सैगल : उशिरा उमगलेले सत्य

कुंदनलाल सैगल यांचे १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधर येथे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची ४३ वर्षेही पूर्ण केली नव्हती. हिंदी चित्रपटसृष्टीच्या या पहिल्या महागायकाला मद्याच्या व्यसनाने अकाली हिरावून नेले.

सैगल यांचा जन्म ११ एप्रिल १९०४ रोजी जम्मूत झाला. धार्मिक वृत्तीच्या आईसोबत भजने ऐकता-गाताना त्यांचा कान तयार झाला. पोटासाठी त्यांनी रेल्वेत टाइमकीपरची नोकरी केली, पुढे रेमिंग्टन कंपनीची टंकलेखन यंत्रे विकली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये संगीतकार रायचंद बोराल यांनी त्यांच्यातील गायक हेरला आणि १९३२ साली त्यांचे चित्रपटात पदार्पण झाले. १९३५ मध्ये प्रमथेश बारुआ दिग्दर्शित 'देवदास' प्रदर्शित झाला. प्रेमभंगानंतर मद्यात बुडणाऱ्या नायकाच्या या भूमिकेने सैगल घराघरांत पोहोचले.

१९४१ च्या अखेरीस ते मुंबईत आले. 'भक्त सूरदास' आणि 'तानसेन' या चित्रपटांनी त्यांची कीर्ती शिखरावर नेली. मात्र, मद्याची मात्राही वाढत गेली. घोट घेतल्याशिवाय आपला आवाज लागत नाही, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या पेल्याला त्यांनी पेटीवरील पट्टीवरून 'काली पाँच' असे नाव दिले होते.

१९४६ च्या 'शाहजहान'च्या वेळी या समजुतीला धक्का बसला. संगीतकार नौशाद यांनी पुढे अनेकदा सांगितलेली ही आठवण आहे. एकच गाणे आधी मद्य न घेता आणि नंतर मद्य घेऊन, असे दोनदा गाण्याची गळ त्यांनी सैगल यांना घातली. दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकल्यावर, न पिता गायलेले गाणेच सरस असल्याचे स्वतः सैगल यांनी मान्य केले. ही जाणीव आधी करून देणारा कोणी भेटला नाही, याची खंत त्यांनी व्यक्त केली. पण तोवर शरीर पोखरले गेले होते.

मद्य तात्पुरता संकोच घालवते. त्यालाच माणूस सामर्थ्य समजू लागतो. पुढे शरीराला सवय जडते, तेवढाच परिणाम साधण्यासाठी अधिक मात्रा लागते आणि ते थांबवताच हातापायांना कंप सुटतो. मग आनंदासाठी नव्हे, तर केवळ धड उभे राहता यावे म्हणून प्यावे लागते.

सैगल यांच्या हयातीत व्यसन हा आजार नव्हे, तर स्वभावदोष मानला जाई. अमेरिकेत 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'ची सुरुवात झाली ती 'देवदास'च्याच वर्षी, १९३५ मध्ये. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभे राहण्यास मात्र १९८६ साल उजाडले. सैगल यांच्याभोवती चाहते अगणित होते. उपचारांची वाट दाखवणारे कोणी नव्हते.

त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या लता मंगेशकर यांची त्यांच्यासोबत गाण्याची इच्छा अपुरीच राहिली. रेडिओ सिलोनवर सकाळच्या जुन्या गीतांच्या कार्यक्रमाची सांगता सैगल यांच्या गाण्याने करण्याचा प्रघात अनेक वर्षे होता. व्यथेमुळे आणि मद्यामुळे कला बहरते, हा भ्रम त्यांच्याच नावाने आजही जपला जातो. 'शाहजहान'च्या वेळी खुद्द सैगल यांनीच तो खोडून काढला होता, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.