विश्लेषण : स्वप्नात ‘जागे’ राहता येते? एर्व्हे द सां-दनी यांनी ते कसे साधले?

झोपेत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे म्हणजे ल्युसिड ड्रीमिंग. हा प्रकार नवा वाटत असला, तरी फ्रान्समधील एका मुलाने १९व्या शतकातच त्याचा रीतसर सराव केला होता.

सुरुवात कशी झाली?

मारी-जाँ-लेऑं एर्व्हे द सां-दनी यांचा जन्म १८२२ चा. चित्रकलेची आवड असलेल्या या मुलाने तेराव्या वर्षी एका विचित्र स्वप्नाचे चित्र काढले आणि पुढे रोज उठल्याबरोबर स्वप्ने लिहून ठेवायला सुरुवात केली. आरंभी बरेचसे आठवत नसे. सवयीने आठवण पक्की झाली. पुढे २२ वह्यांत १,९४६ रात्रींची नोंद झाली.

स्वप्नाचे भान कधी आले?

वहीतल्या २०७व्या रात्री पहिल्यांदा, तर २१४व्या रात्री दुसऱ्यांदा. आणखी सहा महिन्यांनी पाचपैकी दोन रात्री, वर्षभराने चारपैकी तीन आणि सव्वा वर्षाने जवळपास रोज. म्हणजे किल्ली एकच होती : नियमित नोंद आणि धीर.

भानाचा उपयोग काय झाला?

भयंकर आकृती पाठलाग करत आहेत, एकामागून एक दारे बंद करत पळावे लागते आहे, असे स्वप्न त्यांना वारंवार पडे. एका रात्री भान येताच ते पळायचे थांबले, भिंतीला पाठ लावून त्या आकृतींकडे निरखून पाहू लागले. भीती ओसरली.

त्यांनी प्रयोगही केले. विवारे प्रांतातील मुक्कामात ते रोज एकच अत्तर रुमालाला लावत. काही महिन्यांनी, आगाऊ न सांगता, नोकराने ते उशीवर शिंपडावे अशी व्यवस्था केली. त्या रात्री स्वप्नात विवारेच अवतरले.

मग नाव मागे का पडले?

सां-दनी चिनी भाषेचे अभ्यासक होते. तांग काळातील कवितांचा त्यांचा अनुवाद १८६२ मध्ये आला. स्वप्नांवरचे पुस्तक मात्र त्यांनी १८६७ मध्ये निनावी छापले. १८७४ मध्ये ते ‘कॉलेज द फ्रान्स’मध्ये चिनीचे प्राध्यापक झाले, १८९२ मध्ये निवर्तले. पुस्तक इतके दुर्मीळ झाले, की स्वप्नांवर ग्रंथ लिहिणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांनाही ते मिळाले नाही.

विज्ञान काय म्हणते?

झोपलेली व्यक्ती आधी ठरवल्याप्रमाणे डोळे हलवून स्वप्नातून खूण करू शकते, हे १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये कीथ हर्न यांनी आणि पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी प्रयोगशाळेत नोंदवले. एका मुलाने केवळ वही-पेन्सिलीच्या आधारे टिपलेल्या अनुभवाला, त्याच्या मृत्यूनंतर आठ दशकांहून अधिक काळाने असा पुरावा मिळाला.