पनवेलने पाच वेळा निवडलेला माणूस : दि. बा. पाटील

विधानसभेचा निकाल लागला की आपल्याकडे गुलाल उडतो, ढोल वाजतात आणि दोन दिवसांत सगळं शांत होतं. पनवेल मतदारसंघाने मात्र एक असा उमेदवार निवडून दिला होता, ज्याचं खरं काम निकालानंतर सुरू व्हायचं. ते म्हणजे लोकनेते दिनकर बाळू पाटील. सगळे त्यांना ‘दि. बा.’ म्हणूनच ओळखतात.

13 जानेवारी 1926 रोजी उरण तालुक्यातल्या जासई गावी, आगरी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले आणि शेतकरी कामगार पक्षात आले. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, वयाच्या 31 व्या वर्षी ते पनवेलमधून आमदार झाले. पुढे 1962, 1967, 1972 आणि 1980 मध्येही पनवेलकरांनी त्यांनाच कौल दिला. विधानसभेत ते विरोधी पक्षनेते झाले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवासही भोगला.

त्यांची खरी कसोटी लागली ती नवी मुंबईच्या जन्मानंतर. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, सगळ्यावरच पाणी पडणार होतं. शहर होऊ नये असं दि. बां.चं म्हणणं नव्हतं. ज्याच्या जमिनीवर शहर उभं राहतंय, त्याचा त्यात हिस्सा असावा, एवढीच त्यांची मागणी होती.

16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी शहीद झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसने राज्यात 48 पैकी 43 जागा जिंकल्या. कुलाब्यात मात्र दि. बा. निवडून आले. लोकांनी मतपेटीतून जवाब दिला होता.

या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व मान्य झालं आणि 1990 मध्ये ते नवी मुंबईच्या गावांना लागू झालं. हिशोब सोपा आहे. एका एकराचे 40 गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग कापला जातो. पण या नियमात जमीन कुणाची गेली एवढंच बघतात, त्याची जात किंवा मजहब नाही. आगरी असो, कोळी असो, कराडी असो की कोकणी मुसलमान, ज्याची जमीन गेली त्याचा हक्क सारखाच.

24 जून 2013 रोजी दि. बां.चं निधन झालं. विमानतळाला त्यांचं नाव मिळावं म्हणून जून 2021 मध्ये हजारो लोक मानवी साखळी करून रस्त्यावर उभे राहिले. 2022 मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला.

आज जुन्या पनवेल मतदारसंघातून उरण वेगळा झाला आहे, मतदार कितीतरी पटींनी वाढले आहेत. गावठाणाबाहेरच्या घरांचा प्रश्न मात्र प्रत्येक निवडणुकीत पुन्हा निघतो. कुणाला किती मतं पडली याची चर्चा आपण खूप करतो. निवडून आलेल्याने त्या मतांचं पुढे काय केलं, हेही आपण दर पाच वर्षांनी विचारायला हवं. मुलांना दि. बां.चं नाव सांगताना हा सवालही शिकवू या.